नवी चेन दहा मिनिटांत उतरते. चेनसॉची चेन नेमकी किती ताठ ठेवायची?

खुडैलचा मळा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खुडैलच्या पुढे आमची वडिलोपार्जित शेती आहे. मी इंदुरात नोकरी करतो आणि रविवारी मळ्यावर जातो. गेल्या महिन्यातल्या वादळात विहिरीवरचा कडुनिंब मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेलं झाड. पंपाची खोली थोडक्यात वाचली, पण गाडीवाट पूर्ण बंद झाली. सोयाबीन काढणीला येईपर्यंत वाट मोकळी झाली नाही तर हार्वेस्टर आत येणार नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मशीन ५८ सीसीचं, २० इंची बारचं (बार म्हणजे चेन जिच्या कडेवरून धावते ती लांब पट्टी), दोन वर्षांपूर्वी घेतलेलं. कंपनीचं नाव त्यावर नाही. आत्तापर्यंत त्यावर बाभळीच्या फांद्या वगैरे कापल्या, कधी त्रास झाला नाही. या निंबाच्या खोडात मात्र जुना खिळा निघाला (कधीकाळी त्याला झोका बांधायचो) आणि चेनचे दात गेले. मग जुनी चेन नमुन्याला घेऊन बाजारात गेलो. दुकानदाराने दोन्ही चेन शेजारी धरल्या, रिळातून तेवढीच लांबी तोडली, रिव्हेट मारून दिली.

नवी चेन बसवल्यापासून दर दहा मिनिटांनी उतरते. बारीक फांद्या कापताना तर हमखास. मला वाटलं सैल राहिली, म्हणून ताणली. परत उतरली, परत ताणली. काल इतकी ताणली की हाताने ओढून सरकत नव्हती. तशीच चालवली तर बारच्या टोकाकडून धूर आला, जळका वास आला, आणि आता तिथलं लोखंड निळसर दिसतंय. तेव्हा घाबरून बंद केलं.

आमचा हाली, म्हणजे शेतगडी, म्हणतो चेन ढोलकीसारखी वाजली पाहिजे. शेजारचे शेतकरी म्हणतात, खाली नाणं जाईल एवढी फट हवी. खरं काय? आणि ताण गरम असताना बघायचा की थंड झाल्यावर? कृपया कुणीतरी नीट सांगा.


बिजलपूरवाला
सोमवार, रात्री १०.१५

दादा, टाइटच ठेवा. ढिली चेन तुटून उडाली तर माणसाला लागते, मी बघितलंय. आणि तेलाच्या टाकीत गाडीचं काढलेलं जळकं ऑइल टाकत जा, फुकट मिळतं, मी चार वर्षं तेच टाकतोय.


पाना आणि कानस
मंगळवार, सकाळी ६.५०

खुडैलवाले, आधी एक विनंती. काम कितीही अडलेलं असू द्या, चेन हाताने सरकत नसेल तेव्हा ते मशीन सुरू करू नका. परवा तुम्ही थांबलात ते अगदी बरोबर केलंत.

माझं इंदुरात छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. फवारणी पंप, गवत कापायची मशीन, चेनसॉ. २६ वर्षं चालवलं, आता मुलगा बघतो. इतक्या वर्षांत चेनसॉ घेऊन येणाऱ्या दहांतल्या सहाजणांचं दुखणं या ताणाच्या स्क्रूभोवतीच असायचं. म्हणून जरा लांबण लावतो, पण पूर्ण वाचा.

इंजिन बंद करा आणि प्लगची टोपी काढून ठेवा. बंद मशीन काय करणार असं वाटतं, पण मी टोपी काढल्याशिवाय चेनला हात लावत नाही आणि मुलालाही लावू देत नाही. हातात जाड चामडी मोजे घाला. चेनब्रेकचा दांडा हँडलकडे ओढून ब्रेक सोडवा. हे कव्हर उघडण्याआधीच करायचं. ज्या मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो, तिथे ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलंत तर पट्टा आवळलेला राहतो आणि कव्हर परत क्लचच्या ड्रमवर चढत नाही. लोक मग हातोडी मारून चढवतात आणि कव्हर फोडतात.

कव्हर निघालं की बार आणि चेन बाहेर काढा. आत काळ्या चिकट भुशाचा थर असेल, तो काडीने पूर्ण खरवडा. बारच्या खाचेतला भुसा जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने ओढून काढा. बारच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल. तेल तिथूनच खाचेत येतं. निंबाचा ओला भुसा तेलात मिसळला की त्याची लापशी होते आणि हे भोक पहिल्यांदा बुजतं. तुमचा धूर मला निम्मा तिथला वाटतो.

आता बसवणं. स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, ड्रमच्या मागे असेल तर चेन ड्रमवरून मागे घालून स्प्रॉकेटच्या दातांवर बसवा, मग खाचेतून टोकापर्यंत ओढत न्या. बारच्या वरच्या बाजूला कटरची धार टोकाकडे बघत असली पाहिजे. वरून पुढे, खालून मागे, अशी चेन धावते. मग ताणाच्या स्क्रूची खिळी बारच्या छोट्या भोकात नेमकी बसलीय का ते बघा. ही खिळी भोकाबाहेर राहिली आणि वरून नट आवळले तर खिळी वाकते, बार तिरका बसतो, आणि मग तुम्ही दिवसभर स्क्रू फिरवा, ताण येणार नाही. कव्हर लावा, दोन्ही नट फक्त बोटांनी लावा, पाना नको.

आता ताण. बारचं टोक एका हाताने वर उचलून धरा. सगळ्या गोष्टींत ही एक गोष्ट लोक विसरतात. बारची बोल्टवरची खाच थोडी मोकळी असते. टोक खाली लोंबत असताना नट आवळलेत तर मशीनवर सगळं ठीक दिसतं, पण लाकडावर टेकवल्याबरोबर लाकूड बारला वर ढकलतं, तो मोकळेपणा निघून जातो आणि चेन लगेच सैल पडते. मग आपल्याला वाटतं चेन ‘वाढली’. टोक वर धरूनच स्क्रू हळूहळू फिरवा. खालच्या बाजूला चेनला झोळ दिसत असेल तो कमी होत जाईल. साखळीच्या बाजूच्या पट्ट्या बारच्या कडेला जेमतेम टेकल्या की थांबा. टोक तसंच वर धरून नट पक्के आवळा.

मग परीक्षा. खालच्या बाजूला, बारच्या मधोमध, चेन दोन बोटांत धरून खाली ओढा. थोडी उतरली पाहिजे, पण आतली पाकळी, म्हणजे ड्राइव्ह लिंकचं टोक, खाचेतून पूर्ण बाहेर यायला नको. सोडल्यावर टक्कन जागेवर गेली पाहिजे. त्यानंतर ती पूर्ण एक फेरा हाताने ओढा. मोजा घातलेल्या हाताने सहज, न अडकता फिरली पाहिजे. एखाद्याच जागी घट्ट लागत असेल तर तिथली लिंक आखडलीय किंवा रिव्हेट नीट बसलेला नाही. रिळातून तोडलेल्या चेनमध्ये जोडाची जागा मुद्दाम बघा.

ढोलकी नाही आणि नाणंही नाही. नाण्याची फट ठेवलीत तर गरम झाल्यावर चेन उतरेल. ढोलकीसारखी ताणलीत तर बारचं टोक, स्प्रॉकेट आणि क्लचचं बेअरिंग जातं.

गरम की थंड, तर थंड. तुमच्या चेनची पूर्ण लांबी साधारण सव्वा मीटर भरते. ती ५० अंशांनी तापली की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण अर्ध्या मीटरच्या बारवर तेवढ्यानेच बोटाच्या जाडीएवढा झोळ खाली लोंबतो. म्हणून काम करता करता चेन सैल दिसली की घाबरायचं नाही. मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, ती बरीचशी आपोआप परत येते. अगदीच लोंबत असेल आणि काम सोडता येत नसेल तर गरम असताना ताणा, पण मग काम संपल्याबरोबर ढिली करून ठेवायचीच. हे विसरू नका.

का, ते सांगतो. एका जानेवारीत एक गिऱ्हाईक आलं होतं, चांगला कष्टाळू माणूस. संध्याकाळी उसाच्या बांधावरची झाडं कापताना त्याने गरम चेन ताणली, तशीच मशीन शेडमध्ये ठेवली. आपल्या माळव्यातली जानेवारीची रात्र तुम्हाला माहीत आहे. सकाळी चेन बारला अशी आवळून बसली होती की हाताने तसूभर हलेना. त्याने तशीच चालवली, आणि असं त्याचं वरचेवर व्हायचं. मी उघडलं तेव्हा क्लच ड्रमच्या सुईबेअरिंगच्या सुया चपट्या झाल्या होत्या आणि क्रँकचं त्या बाजूचं बेअरिंग बोटाने फिरवलं तर खरखरत होतं. थंड होताना चेन आकसते आणि ती ओढ सरळ क्रँकवर येते. त्या माणसाचं मशीन मी दुरुस्त केलं, पण खर्च जवळपास निम्म्या मशीनचा झाला. ते बिल त्याच्या हातात देताना मला वाईट वाटलं होतं, कारण पाना अर्धा फेरा उलटा फिरवला असता तर ते टळलं असतं.

आता तुमच्याबद्दल. नवी चेन सुरुवातीला थोडी वाढतेच, रिव्हेट आपापल्या जागी बसतात म्हणून. पहिल्या अर्ध्या तासात तीन-चारदा ताण बघावा लागतो. पण दर दहा मिनिटांनी उतरणं आणि तेही ताण असताना, हे ताणाचं दुखणं मला वाटत नाही. कृपया तीन गोष्टी मोजून सांगा. एक, बारच्या मागच्या भागावर काय आकडे कोरलेत. दोन, जुन्या आणि नव्या चेनच्या ड्राइव्ह लिंक किती. तीन, दोन्ही चेनच्या ड्राइव्ह लिंकची जाडी, व्हर्नियरने. तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

बिजलपूरवाले, तुमचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही बाबतीत मी असहमत आहे. सैल चेन बहुतेक वेळा उतरते, आणि ती धोक्याची आहेच. पण अति ताणलेली, कोरडी, तापलेली चेन तुटण्याचा धोका कमी नाही. आणि जळक्या तेलात इंजिनातली धातूची बारीक कणी असते, ती पंपाला आणि बारला कानसेसारखी घासते. शिवाय चेनवरून ते तेल सगळीकडे उडतं, तुमच्या हातावर आणि तोंडावर येतं, जमिनीत जातं. जळकं तेल कातडीला फार वाईट. बारचं चिकट तेल मिळतं ते वापरा. नसेल तर नवं, स्वच्छ इंजिन ऑइल वापरा, पण वापरलेलं नको.


सुदामानगरची ताई
मंगळवार, दुपारी १.२०

काका, फार छान समजावलंत. माझ्याकडे बंगल्याच्या मागच्या आंब्यासाठी विजेवरची छोटी चेनसॉ आहे. तिला पाना लागत नाही, बाजूला एक मोठी चकती फिरवायची असते. तिलाही हेच लागू का? आणि तिच्यात तेल घालायचं असतं हे मला परवाच कळलं, दीड वर्षं कोरडीच चालवली.


पाना आणि कानस
मंगळवार, दुपारी २.०५

ताई, चेनला मोटर विजेची आहे की पेट्रोलची हे कळत नाही, नियम तेच. फक्त तुम्ही प्लगच्या टोपीऐवजी भिंतीतली पिन काढायची, बॅटरीचं असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवायची. चकतीवाल्या मशीनमध्ये आधी बारची चकती थोडी सैल करा, मग ताणाची फिरवा, मग परत पहिली आवळा. बारचं टोक तिथेही वर धरायचं.

दीड वर्षं कोरडी चालली असेल तर बारच्या दोन्ही कडा बोटाने चाचपा. बाहेरच्या बाजूला पातळ, धारदार कड आली असेल, आम्ही तिला बर म्हणतो. चपट्या कानसेने ती काढून टाका. बोट जपून फिरवा, कापतं. तेल घातल्यावर एक जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा, बारचं टोक त्याच्यापासून वीतभर दूर धरून मशीन चालवा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेल पोचत नाही, काम सुरू करू नका.


खुडैलचा मळा
गुरुवार, रात्री ८.३०

काका, काल सुट्टी टाकून मळ्यावर गेलो. तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं.

कव्हर उघडलं तर आत खरोखर काळा गोळा बसला होता, शेणाच्या गोवरीसारखा. तेलाचं भोक पूर्ण बुजलेलं. सायकलच्या तारेने मोकळं केलं. मग बारचं मागचं टोक रॉकेलने पुसलं तेव्हा आकडे दिसले: ०.३२५, ०.०५८, ७६. दोन्ही चेनच्या ड्राइव्ह लिंक मोजल्या. हालीने एकदा, मी दोनदा. जुनी ७६, नवी ७६. म्हणजे दुकानदाराने लांबी बरोबर तोडली होती. मला वाटलं, मग काही चूक नाहीच.

येताना रस्त्यात लेथवाल्याकडे थांबलो आणि व्हर्नियर मागितला. त्याने दोन्ही मोजल्या. जुन्या चेनची पाकळी १.४७ मिलिमीटर. नवीची १.२७. त्याने परत मोजली, परत तेच. तो म्हणाला, साहेब, ही या बारची चेनच नाही.

घरी येऊन नवी चेन बारच्या खाचेत ठेवली आणि अंगठ्याने डावी-उजवीकडे ढकलली. पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. जुनी ठेवली तर जागची हलेना. इतके दिवस हे दोन्ही हातात धरत होतो आणि लक्षात आलं नाही.

आता विचारायचं ते हे. नवी चेन कशीतरी वापरता येईल का? एकजण म्हणाला बारच्या कडा हातोडीने ठोकून खाच अरुंद कर. आणि बार निळा पडलाय त्याचं काय?


पाना आणि कानस
गुरुवार, रात्री ९.१०

माझा संशय यावरच होता. बारवरचे आकडे इंचात असतात, ०.०५८ म्हणजे दीड मिलिमीटरची खाच, आणि तुमची नवी चेन सव्वा मिलिमीटरच्या आसपासची, जिला बाजारात १.३ म्हणतात. लिंकची लांबी तीच, पिच (रिव्हेटमधलं सरासरी अंतर, तुमचं ०.३२५) तेच, संख्या तीच. शेजारी धरल्या तर डोळ्याला फरक दिसत नाही, त्यामुळे दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण चेन कमरेला सैल असलेल्या धोतरासारखी झाली. खाचेत ती एका बाजूला कलते, काप तिरका जातो, बारीक फांदीने बाजूने ढकललं की उतरते. आणि ताण कितीही वाढवला तरी बाजूचा सैलपणा त्याने जात नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलंत.

त्यामुळे नाही. ती चेन या बारवर वापरू नका. हातोडी तर अजिबात मारू नका. झिजलेल्या बारच्या कडा सारख्या करायचं वेगळं अवजार असतं, ते झिजेसाठी. चुकीच्या चेनसाठी चांगला बार चेपायचा नसतो. एके ठिकाणी खाच अरुंद झाली आणि चेन तिथे अडकून थांबली तर काय होईल याचा विचार करा, तुमचा हाली ते मशीन हातात धरून असेल.

पुढच्या वेळी चेन घेताना ‘वीस इंची’ एवढंच सांगू नका. पिच, जाडी आणि संख्या, हे तीनही आकडे सांगा. पिच मोजायचं तर लागोपाठचे तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मं करा. ०.३२५ ला ते तीन रिव्हेट साडेसोळा मिलिमीटर भरतात, मोठ्या ३/८ ला एकोणीस. चांगल्या कंपन्यांच्या चेनवर खुणाही असतात. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनच्या ड्राइव्ह लिंकवर एक आकडा असतो, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. ऑरेगन कंपनीच्या चेनवर २० असेल तर ०.३२५ पिचची १.३ जाडीची, २१ असेल तर १.५ ची. तुम्हाला २१ ची जोडीदार हवी.

आता बार. निळा झाला म्हणजे पोलाद फार तापलं, तेवढा भाग मऊ पडला असणार. टोकातली छोटी चकली, म्हणजे टोकाचं स्प्रॉकेट, काडीने फिरवून बघा. मोकळी फिरत असेल आणि कडा सरळ असतील तर बार चालेल, पण यापुढे लवकर झिजेल. अडकत असेल तर बार बदला. शिवाय बार उलटा करून बसवा, वरची कड खाली. खालचीच कड जास्त झिजते, म्हणून दर वेळी धार लावताना उलटत जा.

जुनी चेन टाकून दिली नसेल तर आनंदाची गोष्ट आहे, कारण ती बरोबर मापाची आहे. खिळ्याने दात मोडले म्हणजे चेन मेली असं नाही. ४.८ मिलिमीटरची गोल कानस आणा. बार शिकंज्यात पक्का धरा, ताण जरा वाढवा म्हणजे दात हलणार नाहीत. कटरवर मागे एक तिरपी रेघ कोरलेली दिसेल, तिला कानस समांतर धरा, साधारण ३० अंश. दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने फक्त पुढे ढकलायची, परत येताना उचलायची. ज्या दाताला सगळ्यात जास्त लागलंय, तो आधी पूर्ण धारेवर आणा, आणि मग बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणा. लांबी सारखी नसेल तर चेन एका बाजूला ओढते. दातासमोरचा बुटका खांब दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवा, त्याला गरज असेल तरच चपटी कानस लावा. मग ताण परत चेन थंड असताना, वर सांगितलं तसा.

डावा-उजवा असे आळीपाळीने दात का असतात असं माझा मुलगा लहानपणी विचारायचा. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड खाताना पाहिली. ती कधी डावीकडून, कधी उजवीकडून कुरतडत सरळ पुढे जात होती. तिच्या जबड्यावरून त्याने पोलादाचे दात घडवले आणि पुढच्याच वर्षी अशी चेन विकायला काढली. तोपर्यंतच्या चेन करवतीसारख्या होत्या, धार लावता लावता माणूस थकायचा. आज तुमच्या हातात आहे ती त्याच अळीची नात. म्हणून दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या.

धार बरोबर लागली की मशीन स्वतः सांगतं. जाडसर भुसा, पोह्यांच्या आकाराच्या पापुद्र्यांसारखा पडतो. बारीक पिठासारखा पडायला लागला की थांबा. बोथट चेनला लोक दाबतात, दाबलं की ती तापते, तापली की सैल पडते, सैल पडली की परत ताणतात.

आणि एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. तुमचं झाड मुळासकट उन्मळलंय. फांद्या काढून वाट मोकळी करा, पण खोड मुळांच्या गड्ड्यापासून वेगळं करताना फार सांभाळा. वरचं वजन निघालं की गड्डा एकदम उलटून खड्ड्यात परत बसू शकतो. मागच्या खड्ड्यात माणूस, जनावर, पोरं कोणीही असता कामा नये. तेवढा शेवटचा काप एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून करा, मी हात जोडून सांगतो.


बिजलपूरवाला
गुरुवार, रात्री ९.५५

काका, माझं मशीनही ०.३२५ चंच आहे. आज कव्हर उघडून बघितलं. तेलाच्या भोकात चिमटीभर चमकणारी काळी माती निघाली. जळकं ऑइल बंद केलं.


खुडैलचा मळा
रविवार, रात्री ८.१५

काका, झालं.

शनिवारी दुकानदाराकडे व्हर्नियर घेऊनच गेलो. त्याच्यासमोर दोन्ही चेन मोजल्या. तो गप्प झाला, मग आतून दुसरं रिळ काढलं, मोजून १.५ ची तोडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, आता मीही मोजूनच देईन. जुन्या चेनला रात्री घरी बसून धार लावली. ३८ दात, दोन तास गेले, दोन दात इतके गेले होते की बाकी सगळे बरेच आखूड करावे लागले. आई विचारत होती हे काय कुरकुर लावलंय.

आज सकाळी मळ्यावर जुनीच चेन लावली, नवी तेलात भिजत ठेवलीय. बारचं टोक हाली वर धरून उभा, मी स्क्रू फिरवला. पट्ट्या कडेला टेकल्या तिथे थांबलो. हालीला चेन ओढून दाखवायला सांगितली. त्याने दोन बोटांनी खाली ओढली, सोडली, टक् असा आवाज आला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, भैया, ही तर ढोलकीसारखी वाजतच नाही. तरी त्याने स्वतः तीनदा ओढून बघितली. वर्तमानपत्रावर तेलाची रेघ उमटली, तेव्हाच कापायला घेतलं.

दुपारी दोनपर्यंत वाटेवरच्या सगळ्या फांद्या आणि खोडाचा पुढचा भाग निघाला. चेन एकदाही उतरली नाही. मध्ये एकदा झोळ दिसला, हालीने पाना उचलला, मी थांबवलं. आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो, भाकरी खाल्ली. परत बघितलं तर पट्ट्या जवळजवळ जागेवर आल्या होत्या.

गड्ड्याजवळचं खोड तसंच ठेवलंय. गावातले एक वयस्कर मिस्त्री मंगळवारी येणार आहेत, खड्ड्याभोवती काट्या टाकून ठेवल्यात. शेवटच्या तासात थोडा ताण द्यावा लागला होता, म्हणून निघताना नट सोडून स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. पंपाच्या खोलीच्या दारावर आतून खडूने लिहिलंय: ०.३२५, १.५, ७६.